मागचं झाकण गळायलंय, बदलू का? : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मागच्या डिफरन्शियलमधून (म्हणजे इंजिनची ताकद मागच्या दोन चाकांना वाटून देणाऱ्या गिअरच्या जुडग्यातून) येणारा घूं घूं आवाज कसा ओळखायचा ते लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली आणि बहुतेकांचा प्रश्न आवाजाचा नाहीच, झाकणाचा आहे. म्हणजे गाडीखाली मागून वाकून बघितलं की दोन चाकांच्या मधे जो गोल गोळा दिसतो ना, त्याच्या पाठीमागं बोल्टांनी बसवलेली पत्र्याची वाटी, ती. कुणाची गळते, कुणाची दगडाने फुटली, कुणाला नवी चकचकीत अॅल्युमिनियमची टाकायची आहे. म्हणून या वेळी सगळा अंक त्या झाकणालाच दिला.

दादा, माझी बोलेरो पिकअप आहे, भाजीपाला अन् सोयाबीन वाहतो. मागच्या झाकणातून ऑइल गळायलंय. दोन वर्षांत तीनदा पॅकिंग बदललं, तरी महिन्याभरात परत ओलं. मिस्त्री म्हणतो आता झाकणच बदला. बदलू का?
(पिकअपवाले वाचक, गंगाखेड)

भाऊ, थोडं थांबा. तीनदा पॅकिंग बदलूनही गळत असेल तर दोष पॅकिंगचा नाही हे नक्की, पण म्हणून तो झाकणाचाच असेल असंही नाही. आधी ऑइल नेमकं कुठून निघतं ते शोधा. अख्खा गोळा डिझेल अन् ब्रशने धुवा, पुढून पण धुवा जिथं प्रोपेलर शाफ्ट येऊन मिळतो तिथं, नीट पुसून कोरडा करा आणि त्यावर साधी टाल्कम पावडर भुरभुरवा. मग पंधरा-वीस किलोमीटर गाडी चालवून या अन् बॅटरी घेऊन खाली वाका. पावडर जिथं पहिल्यांदा भिजली तिथं गळती. मी असे कितीतरी अॅक्सल (हा गोळा अन् त्याच्या दोन्ही बाजूच्या नळ्या) बघितलेत जिथं पुढचं पिनियनचं (शाफ्टच्या टोकाच्या छोट्या गिअरचं) सील गळत होतं, चालत्या गाडीत वाऱ्याने ते ऑइल मागं मागं सरकत झाकणावर जमा व्हायचं आणि बिचाऱ्या झाकणाला दोष लागायचा.

दुसरी गोष्ट ब्रीदर, आणि ही माझ्या फार जिव्हाळ्याची गोष्ट आहे. अॅक्सलच्या नळीवर वरच्या बाजूला एक छोटी टोपी असते, बोटाच्या पेराएवढी, काही गाड्यांत तिथून एक रबरी पाइप वर चेसीकडं गेलेला असतो. गाडी चालली की आतलं ऑइल तापतं, हवा फुगते, ती त्या टोपीतून बाहेर पडते. आता आपल्याकडची काळी माती तुम्हाला काय सांगायची, ओली असताना चिकटते आणि वाळली की दगड होते. ती टोपी मातीने बंद झाली की फुगलेली हवा जाणार कुठं? ती ऑइलला ढकलते, जिथं कमजोर जागा असेल तिथून, कधी झाकणाच्या पॅकिंगमधून, कधी पिनियनच्या सीलमधून, आणि सगळ्यात वाईट म्हणजे दोन्ही टोकांच्या सीलमधून थेट ब्रेकच्या ड्रममधे. लायनर ऑइलने भिजले की भरलेली पिकअप उतारावर थांबत नाही, म्हणून हे हलक्यात घेऊ नका.

माझ्या स्वतःच्या जीपला हेच झालं होतं. एका गॅरेजमधे दोनदा पॅकिंग टाकलं, तिसऱ्यांदा त्यांनी नवीन झाकण गळ्यात मारलं, ते पण गळलं, आणि शेवटी मी स्वतः खाली झोपून बघितलं तर ब्रीदरच्या टोपीवर पेरणीच्या दिवसातली माती अशी घट्ट बसली होती की स्क्रू ड्रायव्हरने खरवडावी लागली. टोपी काढली तशी फुस्स करून हवा निघाली. त्या दिवसापासून माझ्याकडं गळती घेऊन कुणीही आलं की माझा हात पहिल्यांदा ब्रीदरवर जातो. तुम्ही पण टोपी काढा, पेट्रोलमधे धुवा, तोंडाने फुंकर मारून बघा हवा जाते का, ती फिरते का. नसेल जात तर नवी घ्या, या सगळ्या खटाटोपात सगळ्यात स्वस्त वस्तू तीच आहे.

ब्रीदर ठीक निघाला आणि पावडर खरंच झाकणाच्या कडेलाच भिजली, तर मग झाकण काढा आणि काचेवर पालथं ठेवा. जुना आरसा, टीव्हीच्या टेबलाची काच, काहीही सपाट. पत्र्याच्या झाकणाची एक खोड असते, कुणीतरी बोल्ट जोर लावून आवळले की भोकाभोवतीचा पत्रा आत दबतो अन् दोन बोल्टांच्या मधे कड वर उचलते. काचेवर ठेवल्यावर तिथं फट दिसते, कागद सरकवून बघा. तीनदा पॅकिंग बदललं म्हणजे तीनदा आवळलं, त्यामुळं तुमच्याकडं हे असण्याची शक्यता बरीच आहे. याला नवीन झाकण लागत नाही, कड ऐरणीवर किंवा जाड लोखंडी पाटावर ठेवून दबलेली भोकं हलक्या हाताने ठोकून परत सपाट करता येतात.

झाकण बदलायचं कधी, तर कडेवर गंजाचे खड्डे पडलेत जे घासूनही जात नाहीत, कुठं तडा आहे, झाकण आत एवढं चेपलंय की क्राऊन (आतलं मोठं दातेरी चाक) घासल्याच्या चकचकीत खुणा दिसतात, किंवा तळाशी पत्रा गंजून इतका पातळ झालाय की स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्याने टोचलं तर दबतो. यातलं एकही असेल तर बदला, मिस्त्रीचं बरोबर. नसेल तर पैसे वाचवा. आणि हो, झाकण काढलंच आहे तर हौसिंगच्या (गोळ्याच्या लोखंडी कवचाच्या) भोकांमधले आटे पण बघा, एखादा बोल्ट नुसताच गरगर फिरत असेल तर कितीही भारी झाकण लावा, त्या जागेतून गळणारच. टर्नरकडून आटे नवीन पाडून किंवा आत कॉइल बसवून घ्या.

सर, माझ्याकडे स्कॉर्पिओ आहे, मी वाळूजला कामाला, सुट्टीला मित्रांसोबत गाडी घेऊन डोंगरात जातो. अमेरिकेतले लोक अॅल्युमिनियमचं फिन्सवालं, म्हणजे बाहेरून पात्या असलेलं डिफ कव्हर लावतात, त्याने ऑइल थंड राहतं म्हणतात. मागवू का? कोणतं चांगलं?
(तरुण वाचक, छत्रपती संभाजीनगर)

तुमची हौस मला कळते, गाडीखालचं सामान नीट असावं असं वाटणारी माणसं मला आवडतात. पण पैसे घालायच्या आधी ते झाकण आत काय करतं ते समजून घ्या, मग निवड आपोआप होईल.

इंजिनची ताकद प्रोपेलर शाफ्टने पिनियनपर्यंत येते, पिनियन मोठ्या क्राऊनला फिरवतं. क्राऊनचा खालचा भाग ऑइलमधे बुडालेला असतो. तिथं पंप नाही, काही नाही. क्राऊन फिरताना आपल्या दातांवर ऑइल उचलतो आणि जोरात फेकतो, ते ऑइल झाकणाच्या आतल्या गोलाईवरून घसरत वर जातं, वरून पुढं जातं आणि पिनियनच्या बेअरिंगांवर पडतं. म्हणजे कंपनीच्या त्या साध्या पत्र्याच्या वाटीचा जो गोल आकार आहे तो ऑइलची वाट आहे. आणि बाजारात दिसायला दणकट वाटणारी कितीतरी झाकणं मागून सपाट असतात, आतून पण सपाट. फेकलेलं ऑइल त्या सपाट भिंतीवर आपटतं, फेस होतो, आणि पुढं पिनियनकडं जायचं ते तिथंच घोटाळतं. अमेरिकेतले गेल बँक्स हे नावाजलेले इंजिनीअर, त्यांनी पारदर्शक झाकणं लावून, ऑइल कसं फिरतं ते कॅमेऱ्यावर दाखवलंय. ते स्वतः पण झाकणं विकतात हे ध्यानात ठेवा, पण तत्त्व त्यांचं बरोबर आहे, आतून गोल हवं.

आता थंड राहण्याचं. अॅल्युमिनियम स्टीलपेक्षा तिपटीने, किंवा त्याहून जास्त वेगाने उष्णता वाहून नेतं हे खरं, आणि फिन्समुळं वारा लागायला जागा वाढते हेही खरं. पण उष्णता काय फक्त झाकणातूनच जात नाही, अख्खं हौसिंग अन् दोन्ही बाजूच्या नळ्या पण ती बाहेर टाकतात. अमेरिकेत पाच-सहा टनांचा ट्रेलर जोडून तासन्तास डोंगर चढणाऱ्या पिकअपला मोठ्या झाकणाचा फायदा होतो, त्यातही खरा फायदा जास्तीच्या ऑइलचा असतो, फिन्सचा त्यामानाने कमी. मे महिन्यात आपल्याकडं पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो हे मान्य, तरी रिकाम्या स्कॉर्पिओत चौघं मित्र कन्नडचा घाट चढले म्हणून डिफरन्शियल जळत नाही. तुमच्या वापराला थंडाव्यासाठी झाकण बदलायची गरज मला दिसत नाही.

गरज एका ठिकाणी असू शकते, मार बसण्याची. तुम्ही डोंगरात जाता, आपला दगड काळा, बसाल्ट, धारेचा, आणि पत्र्याचं झाकण त्यावर आपटलं की चेपतं. तिथं जाड झाकण कामाचं, पण मग अॅल्युमिनियम नको. ओतीव अॅल्युमिनियम मार सहन करत नाही, वाकायच्या ऐवजी तडकतं. त्यासाठी जाड स्टीलचं किंवा डक्टाइल आयर्नचं (सहज न तडकणाऱ्या ओतीव लोखंडाचं) घ्या, आतून गोल असलेलं. किंवा त्याहून साधं, कंपनीचंच झाकण ठेवा आणि त्याच्या खालच्या निम्म्या भागापुढं एक वेगळी गार्ड पट्टी लावून घ्या, दगड पट्टीवर आपटेल, झाकण शाबूत राहील. माझा कल याच्याकडं आहे.

तरीही मागवायचंच असेल तर या गोष्टी बघितल्याशिवाय पैसे भरू नका. बोल्ट किती आणि त्यांचा आकार कसा, हे स्वतःच्या गाडीच्या झाकणाचा कागदावर छाप घेऊन जुळवा, नुसतं गाडीचं नाव सांगून मागवू नका, एकाच नावाच्या गाडीला वर्षानुवर्षात वेगवेगळे अॅक्सल लागतात. दुसरं, कॉइल स्प्रिंगवाल्या गाडीला अॅक्सलच्या आसपास आडवा रॉड असतो, स्कॉर्पिओ-एन असेल तर वॅट्स लिंकेज (अॅक्सल मधोमध धरून ठेवणारी दांड्यांची जोडणी) असतं. खोल झाकण लावलं आणि खड्ड्यात सस्पेंशन दबलं की रॉड त्याच्यावर जाऊन आपटतो. पिकअपवाल्यांनी खाली टांगलेली स्टेपनी पण मोजावी. तिसरं, ऑइल भरायचं भोक नव्या झाकणावर कुठं आहे? जुन्यापेक्षा वर असेल अन् तुम्ही भोकापर्यंत भरलं तर ऑइल जास्त होईल, तापून ब्रीदरमधून अन् सीलमधून बाहेर येईल. खाली असेल तर पिनियन कोरडं पडेल. आणि काही झाकणांना आतून बेअरिंगच्या टोप्यांना टेकू देणारे दोन बोल्ट असतात, ते रेसिंगवाल्यांसाठी, जास्त आवळले तर उलट टोप्यांवर ताण येतो, तुम्ही त्या फंदात पडू नका. गाडी वॉरंटीत असेल तर मग अजिबातच हात लावू नका.

टाटा ४०७ ला मागून जाड झाकण कोणतं मिळेल?
(वाहतूकदार, मंठा)

मिळणार नाही कारण तिला झाकणच नाही. तुमच्या गाडीचा अॅक्सल बँजो पद्धतीचा, मागची गोलाई हौसिंगलाच वेल्डिंग केलेली असते आणि क्राऊन पिनियनचा सगळा जुडगा पुढच्या बाजूने निघतो. मोठे ट्रक, बऱ्याच टोयोटा, सगळे तसेच. ओळखायची खूण सोपी, बोल्टांची रांग मागच्या बाजूला दिसली तर झाकण निघतं, पुढच्या बाजूला दिसली तर नाही. तुमच्याकडं मागून ऑइल झिरपत असेल तर वेल्डिंगला तडा गेलाय का ते बघा, ओव्हरलोडने जातो, आणि ते काम चांगल्या वेल्डरकडूनच अॅक्सल रिकामा करून, आतून धुवून करून घ्या.

नमस्कार. माझ्या वडलांची जुनी बोलेरो आहे, गावात मिस्त्री नाही, लातूरला न्यायची तर अख्खा दिवस जातो. डिफरन्शियलचं झाकण काढून साफ करून परत बसवणं मी घरी करू शकेन का? माझ्याकडे पान्यांचा सेट आहे, जॅक आहे.
(एक वाचक भगिनी, औसा तालुका)

नक्की करू शकाल ताई, हे काम ताकदीचं कमी आणि स्वच्छतेचं जास्त आहे. अर्धा दिवस मोकळा ठेवा, वारं सुटलेल्या दिवशी करू नका, धूळ आत जाते.

आधी आठ-दहा किलोमीटर गाडी फिरवून आणा म्हणजे ऑइल पातळ होईल. सपाट जागी लावा, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड किंवा ठोकळे लावा. मागून उचलायची असेल तर नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली जाऊ नका, दोन्ही बाजूंना स्टँड किंवा लाकडाचे जाड ठोकळे द्या, विटा नकोत, विट अचानक फुटते. बोलेरोसारख्या उंच गाडीत न उचलताही काम होतं, मी तर तेच सांगेन.

आता सगळ्यात महत्त्वाचं: आधी ऑइल भरायचा बोल्ट उघडून बघा, मग बाकीचं. वर्षानुवर्षं न उघडलेला तो बोल्ट जाम झालेला असतो, आणि ऑइल सोडून दिल्यावर जर तो निघाला नाही तर गाडी जागेवर बसली, लातूरला पण जाता येणार नाही. तो निघाला की खाली टोपलं ठेवा. ड्रेनचा बोल्ट असेल तर तिथून सोडा, नसेल तर झाकणाचे सगळे बोल्ट ढिले करा पण वरचे दोन बोल्ट चार-चार आट्यांवर तसेच राहू द्या, मग खालच्या कडेत पातळ पट्टी घालून हळूच उचका. झाकण सुटेल, ऑइल भसकन येईल, आणि वरच्या दोन बोल्टांमुळं झाकण तोंडावर पडणार नाही. एखाद्या बोल्टाखाली छोटी पत्र्याची चिठ्ठी असेल तर ती फेकू नका. तिच्यावर दातांचा आकडा असतो, समजा ४१ आणि ११, म्हणजे ३.७३ चा रेशो, पुढं कधी सामान आणताना त्याच्यावाचून अडतं.

ऑइल बघा, वास घ्या. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतोच, पण जळकट काळं झालं असेल तर जुनं झालंय. झाकणात किंवा बोल्टला चुंबक असेल तर त्यावर राखाडी लोण्यासारखा थर असणार, तो साहजिक आहे, घाबरू नका. पण चिमटीत धरता येतील असे कण, चकाकणारे पापुद्रे, दाताचा तुकडा सापडला तर झाकण बंद करून लातूर गाठायचंच, ते घरचं काम नाही. एक चाक उचलून हाताने फिरवत क्राऊनचे सगळे दात बॅटरीने बघून घ्या, अशी संधी परत लवकर येत नाही. आणि आतला चुंबक पुसून परत जागेवर ठेवा, नवीन झाकण लावत असाल तर जुन्यातला काढून नव्यात.

मग जुनं पॅकिंग खरवडणं. यात घाई केली की सगळं वाया. हौसिंगच्या बाजूने खरवडताना आत कचरा पडू नये म्हणून क्राऊनवर स्वच्छ कापड झाका, चिंध्या सुटणारं नको. दोन्ही कडा ब्रेक क्लीनरने किंवा पेट्रोलने पुसून एकदम कोरड्या करा, पांढरं फडकं फिरवलं तर डाग पडायला नको इतक्या. पेट्रोल वापरताना जवळपास चूल, बिडी काही नको हे सांगायला नको.

पॅकिंग की सिलिकॉन असं विचाराल तर दोन्ही चालतं, दोन्ही एकत्र मात्र नको. कागदी पॅकिंगवर सिलिकॉनचा थर दिला तर ते आवळताना सरकतं. सिलिकॉन लावणार असाल तर गाड्यांसाठीचं, गिअर ऑइल सहन करणारं घ्या, खिडकीच्या काचेला लावतात ते नव्हे. साधारण तीन मिलिमीटर जाडीची एकच सलग रेघ ओढा, बोल्टांच्या भोकांच्या आतल्या बाजूने, आणि प्रत्येक भोकाला वळसा घालून. जाड थर दिला म्हणजे जास्त टिकतं असं नाही, जास्तीचं आत पिळून निघतं, तुटून ऑइलमधे फिरतं. पाच-दहा मिनिटं थांबा, झाकण सरळ टेकवा, बोल्ट हाताने लावा, मग समोरासमोरचे आलटून पालटून, तीन फेऱ्यांत आवळा. १३ च्या पान्याचे बोल्ट असतील तर साधारण २२ ते २५ न्यूटन मीटर, १७ च्या पान्याचे असतील तर ४० ते ५०, गाडीच्या पुस्तकात आकडा असेल तर तोच खरा. हा जोर मोजणारा टॉर्क पाना नसेल तर छोटा पाना मनगटाच्या जोराने, त्यावर पाइप चढवायचा नाही, पाय द्यायचा नाही. लगेच ऑइल भरू नका. निदान एक तास, आणि जमलं तर रात्रभर राहू द्या, डब्यावर काय लिहिलंय ते पाळा.

भरताना गाडी सपाटीवर हवी. भोकातून ऑइल परत बाहेर यायला लागलं की झालं, करंगळी आत घालून बघितली तर भोकाच्या खालच्या कडेला ऑइल लागलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी अन् आठवड्याने खाली वाकून बघा. काढलेलं ऑइल बंद डब्यात भरून जुनं ऑइल घेणाऱ्याला द्या, विहिरीच्या अंगाला ओतू नका. आणि ताई, जमलं की मला कळवा.

ट्रॅक्टरच्या वाटेने ऊसाच्या फडात गाडी घातली अन् दगडाने झाकणाला भोक पडलं. तिथल्या तिथं एम-सील लावून घरी आलो, आता ते गळत नाही. तसंच ठेवलं तर चालतंय का?
(शेतकरी, अंबाजोगाई)

घरापर्यंत आलात ते बरोबर केलंत, ऑइलशिवाय दहा-वीस किलोमीटर सुद्धा क्राऊन पिनियन खाऊन टाकतात. पण तसंच ठेवू नका. गरम-थंड होत, हादरे खात ते एक दिवस सुटणार आणि ते कुठं सुटेल सांगता येत नाही. पत्र्याचं झाकण असेल आणि भोक बारीक असेल तर काढून, ऑइलचा अंश न ठेवता धुवून, वेल्डिंग करता येतं, फक्त उष्णतेने कड वाकते, म्हणून वर सांगितलं तसं काचेवर ठेवून तपासा. भोक कडेजवळ असेल, किंवा पत्रा चेपून आत गेला असेल तर नवीनच घ्या, पत्र्याचं झाकण काही फार महाग नसतं. आणि तुम्ही किती अंतर कमी ऑइलवर आलात ते मला माहीत नाही, म्हणून झाकण काढल्यावर दातांवर निळसर छटा दिसते का तेवढं जरूर बघा. निळं म्हणजे पोलाद तापलेलं.

सिंदफणेला पाणी होतं, जीप मधे दहा मिनिटं अडकली, चाकं बुडाली. बाहेर काढली, व्यवस्थित चालतीय. डिफरन्शियल उघडायची गरज आहे का?
(वाचक, माजलगाव)

आहे, आणि आजच. चालताना आतलं ऑइल अन् हवा तापलेली असते, समजा नव्वद अंशांपर्यंत. अॅक्सल अचानक गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते, नव्वदवरून तीसवर आली तर जवळपास सहावा हिस्सा आकसते, आणि ती ओढ भरून काढायला बाहेरचं पाणी आत खेचलं जातं, ब्रीदरमधून, सीलांमधून. सील बनवलेलं असतं आतलं ऑइल आत ठेवायला, बाहेरचं पाणी अडवणं हे त्याचं मुख्य काम नाही. भरायच्या भोकात बोट घालून ऑइल बघा, ताकासारखं पांढुरकं दिसलं तर पाणी गेलंय. गाडी रात्रभर उभी असेल तर ड्रेनमधून आधी निव्वळ पाणीच येईल, कारण ते तळाशी बसतं. अशा ऑइलवर गाडी चालवली की बेअरिंगांना गंज धरतो आणि आवाज यायला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो.

पांढरं निघालं तर नुसतं सोडून भरू नका, झाकण काढा, आत पुसा, कोपऱ्यातला गाळ काढा, नवीन ऑइल भरा, शे-दोनशे किलोमीटरने परत एकदा बघा, पांढरट झाक राहिली असेल तर पुन्हा बदला. आणि मग कायमचा उपाय करा, ब्रीदरच्या टोपीच्या जागी निपल लावून ऑइल सहन करणारा रबरी पाइप वर चेसीच्या किंवा बॉडीच्या उंच जागेपर्यंत न्या, टोक खाली वाकवा, मधे थोडा ढिला ठेवा म्हणजे खड्ड्यात अॅक्सल खालीवर झाला तरी ताणणार नाही. नदीकाठच्या गावातल्या प्रत्येक गाडीला हा पाइप असावा असं मला मनापासून वाटतं.

शेवटचा प्रश्न, आणि हा चार जणांनी विचारलाय: गिअरबॉक्सचंच ऑइल डिफरन्शियलला टाकलं तर चालेल का?

चालत नाही, आणि उलटं पण करू नका. डिफरन्शियलमधले दात हायपॉइड असतात, म्हणजे पिनियन क्राऊनच्या मध्यापेक्षा खाली बसवलेलं. १९२६ साली पॅकार्ड या अमेरिकन गाडीने हे आणलं, त्यामुळं शाफ्ट खाली गेला आणि गाडीचं बूड खाली आणता आलं. पण या रचनेत दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घासत सरकतात, प्रचंड दाबाखाली. साधं ऑइल तिथून पुसलं जातं. म्हणून त्यात गंधक-फॉस्फरसची भर घातलेलं जीएल-५ लागतं. तेच जीएल-५ बऱ्याच गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना मानवत नाही, तिथं जीएल-४ सांगितलेलं असतं. दुकानात नुसतं "नव्वद नंबर द्या" म्हणू नका, डब्यावर जीएल-५ आणि ८०डब्ल्यू-९० (हा दाटपणाचा आकडा) वाचून घ्या. रोज भरून वाहणाऱ्या गाडीच्या पुस्तकात ८५डब्ल्यू-१४० ला परवानगी असेल तर आपल्या उन्हाळ्यात ते उत्तम. लिमिटेड स्लिप (एकच चाक नुसतं गरगर फिरू नये म्हणून बनवलेलं डिफरन्शियल) असेल तर त्याचं खास ऑइल किंवा सोबतचं अॅडिटिव्ह लागतं, ते नाही टाकलं तर वळणावर गाडी कटकट धक्के देते. बदलायचं कधी हे कंपनीचं पुस्तक सांगेल, पण ऊस, वाळू, मुरूम वाहणाऱ्यांनी पुस्तकाच्या निम्म्या किलोमीटरवर बदला, आणि त्या दिवशी ब्रीदरची टोपी पण धुऊन घ्या.